विरारच्या पुढची वीज : सुरतेची रेल्वे आणि तीन फेजांचा तोल

आपल्या मंडळात सुरतेवर आजवर वाचल्या गेलेल्या निबंधांत किल्ला, डच आणि इंग्रज कबरस्तानं, वखारी, तापीचे पूर हे सगळं येऊन गेलं. त्यात मी नवीन काय सांगणार? मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, तीसेक वर्षं कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये मेंटेनन्सला काढली. तेव्हा मला जे येतं त्याच वाटेने जातो. आज विषय आहे रेल्वेच्या विजेचा, आणि त्या विजेमुळे शहराच्या विजेचा तोल बिघडतो का, याचा. विषय कोरडा वाटेल, पण आमच्या घरात यावरून अनेक वर्षं वाद झालेला आहे.

बापूंचं म्हणणं

१९८० च्या दशकात आम्ही उधन्याला राहायचो. वडिलांना आम्ही बापू म्हणायचो. ते अमळनेरकडून तापी लाइनच्या गाडीने सुरतेला आले आणि एका लूमच्या खात्यात लागले. पुढे मास्टर झाले, म्हणजे लूम बिघडला की तो जुळवून देणारा माणूस. खात्याच्या पत्र्यामागून मुंबई–अहमदाबाद लाइन जायची. मालगाडी यार्डातून सुटली आणि नेमकी तेव्हाच ट्यूबलाइट मिचकली की बापू म्हणायचे, "गाडी उनी, पावर गया!"

एका उन्हाळ्यात त्या खात्यात एकाच दिवशी दोन मोटरी जळाल्या. मालकाने रिवाइंडिंगचा खर्च बापूंच्या पगारातून कापला. मास्टर तू, तेव्हा लक्ष तुझं, असं त्याचं म्हणणं. बापू सांगत राहिले की मोटरी रेल्वेने जाळल्या. कोणी ऐकलं नाही. मी तेव्हा शाळेत होतो. त्या संध्याकाळी त्यांनी आईला सांगितलेल्या दोन गोष्टी माझ्या लक्षात राहिल्या. एक, त्या सकाळी ट्यूबलाइटची एक अख्खी ओळ लागतच नव्हती. दुसरी, बंद असलेला एक लूम चालू करायला गेले तर मोटर फिरेना, नुसती घूंऽऽ करत राहिली. या दोन गोष्टींकडे शेवटी परत येऊ.

रेल्वेवर संशय घेणारे बापू एकटे नव्हते. उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांत लूमवाल्यांच्या तोंडून मी तो पुष्कळदा ऐकला. तो खोटाही नव्हता, खराही नव्हता. खरं काय आहे, ते सांगायचा हा प्रयत्न.

वाफेपासून विजेपर्यंत

सुरतेच्या रेल्वेचा इतिहास आपल्या वाचकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. बीबीसीआय रेल्वेचा पहिला तुकडा १८६० मध्ये अंकलेश्वर ते उतराण असा, तापीच्या उत्तर काठापर्यंत सुरू झाला. १८६४ मध्ये लाइन मुंबईला ग्रँट रोडपर्यंत जोडली गेली. १९०० च्या सुमारास सुरत–अमळनेर ही तापी व्हॅली रेल्वे पुरी झाली. तिचा कारभार किलिक निक्सन कंपनीकडे होता. खानदेशातून सुरतेला माणसं आली ती मुख्यतः याच लाइनने, आमचे बापू त्यांतलेच.

विजेची गाडी भारतात पहिल्यांदा धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ ला, मुंबईत व्हीटी ते कुर्ला. बीबीसीआयने ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू केल्या आणि १९३६ मध्ये ही वीज विरारपर्यंत पोचली. हे सगळं १५०० व्होल्ट डीसी. विरारच्या पुढे मात्र आणखी जवळजवळ चार दशकं कोळसा आणि नंतर डिझेल.

विरारच्या पुढे वीज आली ती वेगळ्याच जातीची. १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने फ्रान्सच्या एसएनसीएफचा सल्ला घेऊन नव्या कामांसाठी २५ हजार व्होल्ट, ५० सायकल एसी ही पद्धत स्वीकारली. फ्रेंचांनी युद्धानंतर आल्प्सच्या पायथ्याच्या एका लाइनवर तिचे प्रयोग केले होते. १९७४ पर्यंत विरारपासून अहमदाबाद–साबरमतीपर्यंतची मुख्य लाइन या पद्धतीने तारेखाली आली. विरारला डीसी संपायची, एसी सुरू व्हायची. त्यासाठी चित्तरंजनच्या कारखान्याने १९७५ पासून दोन्ही विजेवर चालणारी डब्ल्यूसीएएम-१ इंजिनं बांधली. जुन्या रेल्वेप्रेमींना ती आठवत असतील. मुंबईच्या बाजूची डीसी हळूहळू काढत काढत पश्चिम रेल्वेने २०१२ मध्ये चर्चगेटपर्यंत एसी नेली आणि विरारची ती सीमा पुसली गेली.

ही सीमा इंजिन बदलण्यापुरती नव्हती. विरारच्या अलीकडची रेल्वे आणि पलीकडची रेल्वे यांचं वीज घेण्याचं वळणच वेगळं होतं. ते समजायला आधी तीन फेज म्हणजे काय ते पाहू.

तीन फेज म्हणजे काय

जत्रेतला फिरता पाळणा डोळ्यांसमोर आणा. सारख्या अंतरावर तीन माणसं उभी आहेत. पाळणा समोर आला की पहिला ढकलतो, एक तृतीयांश फेरी झाली की दुसरा, मग तिसरा. तिघांचा जोर सारखा असेल तर पाळणा झटका न बसता फिरतो. वीज केंद्रातून येणारे तीन फेज असेच आहेत. आपल्याकडे त्यांना लाल, पिवळा, निळा म्हणतात. तिघांचं व्होल्टेज सारखं, फक्त एकामागून एक, फेरीच्या तिसऱ्या भागाच्या अंतराने येणारं. लूमची मोटर याच फिरत्या जोरावर चालते. तिला ढकलून सुरू करावं लागत नाही, फिरण्याची दिशा विजेतच असते.

घरात आपण एकच फेज घेतो. पण हजारो घरं तिन्ही फेजांवर वाटून दिलेली असतात, त्यामुळे एकूण हिशोब साधारण सारखा येतो. कारखाने तिन्ही फेज बरोबरीने घेतात. गडबड तेव्हा होते, जेव्हा एखादं मोठं गिऱ्हाईक तीनपैकी दोनच फेजांवर बसतं.

मुंबईच्या डीसी रेल्वेत हा प्रश्न नव्हता. सबस्टेशनात तिन्ही फेज घेऊन, आधी फिरत्या यंत्रांनी आणि नंतर रेक्टिफायरने, त्यांची डीसी केली जायची. तिन्ही फेजांवर ओझं सारखं. एसी रेल्वेला मात्र रुळांवर एकच तार असते. परतीची वाट म्हणजे रूळ आणि जमीन. एक तार आणि एक रूळ, यातून फक्त एक-फेजी वीजच जाऊ शकते. म्हणून रेल्वेचं सबस्टेशन उच्च दाबाच्या लाइनच्या तीन तारांपैकी दोनच तारांवर आपला ट्रान्सफॉर्मर लावतं. तो ट्रान्सफॉर्मर १३२ किंवा २२० हजार व्होल्ट घेतो आणि २५ हजार देतो. त्याचं एक टोक वरच्या तारेला, दुसरं रुळांना आणि जमिनीला. तिसरा फेज मोकळाच राहतो.

ओझं किती? मालगाड्यांच्या डब्ल्यूएजी-९ इंजिनाची ताकद ६,१२० अश्वशक्ती. साध्या लूमची मोटर एक अश्वशक्तीची धरली तर चढावर जोर लावणारं एक इंजिन म्हणजे सहा हजार लूम. आणि ते सहा हजार लूम दोनच फेजांवर, तेही अचानक चालू होणारे आणि अचानक बंद होणारे.

इथे रेल्वेप्रेमींचा एक गैरसमज काढून टाकतो. नव्या इंजिनांना आपण 'थ्री फेज' इंजिनं म्हणतो. ते बरोबर आहे, पण त्या तीन फेज इंजिनाच्या पोटात तयार होतात. वरच्या तारेतून ते इंजिन घेतं एक-फेजी वीजच. त्याने वीज वाचते, ब्रेक लावताना परतही जाते, पॉवर फॅक्टर सुधारतो. ग्रिडच्या तीन फेजांतलं असंतुलन मात्र त्याने जात नाही.

वारी लावण्याची युक्ती

रेल्वेला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून लाइनवर साधारण ४० ते ६० किलोमीटरला एक सबस्टेशन येतं तेव्हा फेजांची वारी लावतात. पहिलं लाल-पिवळ्यावर, दुसरं पिवळा-निळ्यावर, तिसरं निळा-लालवर, मग पुन्हा पहिल्यापासून. तिन्ही सबस्टेशनांवर सारख्या गाड्या असतील तर सगळ्या टापूचा हिशोब जुळतो.

पण मग वरच्या तारेत प्रश्न येतो. शेजारच्या दोन सबस्टेशनांची वीज वेगळ्या फेजांवरची, ती एकमेकींना भिडली तर शॉर्टसर्किटच. म्हणून दोघांच्या हद्दीवर तारेचा एक निर्जीव तुकडा ठेवतात. त्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात. इंजिन त्याखालून जाताना चालकाने वीज तोडायची, वेगावर पुढे सरकायचं आणि पलीकडे परत जोडायची. त्यासाठी आधी ५०० मीटरवर आणि २५० मीटरवर इशाऱ्याच्या पाट्या असतात, मग 'डीजे ओपन' आणि पलीकडे 'डीजे क्लोज'.

मेमूने वलसाड–सुरत–भरूच असा प्रवास करणाऱ्यांनी हे अनुभवलं असेल. भर वेगात अचानक दिवे जातात, पंखे मंदावतात, मोटरींचा आवाज थांबतो आणि थोड्या वेळात सगळं परत येतं. गाडीत काही बिघडलेलं नसतं. आपण एका फेजजोडीतून दुसरीत गेलेलो असतो.

'डीजे' या अक्षरांत इतिहास आहे. इंजिनातल्या मुख्य ब्रेकरला फ्रेंचमध्ये 'दिसजाँक्तर' म्हणतात, त्याचा हा संक्षेप. फ्रेंच तंत्रज्ञ परत गेले, शब्द राहिला. सुरतेत फ्रेंचांनी १६६८ मध्ये भारतातली आपली पहिली वखार काढली, हे आपण मंडळात कितीदा ऐकलं. त्या वखारीचा माग काढायला किती कष्ट पडतात! आणि इथे रुळांच्या कडेला फ्रेंच शब्दाची पाटी उभी आहे, तिच्याकडे आपलं लक्ष नाही.

तोल किती बिघडतो

वारी लावली तरी हिशोब पूर्ण जुळत नाही. गाड्या वेळापत्रकाने येतात, फेजांच्या सोयीने नाही. एका टापूत दोन मालगाड्या चढत असतात तेव्हा शेजारच्या टापूत एखादी मेमू थांबलेली असते. शिवाय प्रत्येक सबस्टेशनच्या जवळच्या लाइनवर तर दोनच फेजांचं ओझं असतं. तेव्हा असंतुलन राहतंच. प्रश्न आहे किती.

याचा ढोबळ हिशोब सोपा आहे. रेल्वेचं एक-फेजी ओझं भागिले त्या जागी ग्रिडची ताकद. ही ताकद म्हणजे तिथे शॉर्टसर्किट झालं तर ग्रिड किती वीज ओतू शकेल, तो आकडा. त्याला फॉल्ट लेव्हल म्हणतात. समजण्यासाठी आकडे घेऊ. रेल्वेचं ओझं २० एमव्हीए आणि १३२ हजार व्होल्टच्या लाइनची फॉल्ट लेव्हल २,००० एमव्हीए असेल, तर व्होल्टेजचं असंतुलन साधारण १ टक्का. तेच ओझं ५,००० एमव्हीएच्या २२० हजार व्होल्टच्या लाइनवर टाकलं तर ०.४ टक्के. आणि वेडेपणा करून २०० एमव्हीएच्या ११ हजार व्होल्टच्या गल्लीतल्या लाइनवर टाकलं तर १० टक्के. तेवढ्यात त्या गल्लीतली कुठलीच मोटर टिकणार नाही. रेल्वे आपली वीज थेट उच्च दाबाच्या लाइनवरून का घेते, त्याचं एक मोठं कारण हेच.

भारतात यावर मर्यादा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या ग्रिड मानकांनुसार असंतुलन ४०० हजार व्होल्टला १.५ टक्के, २२० हजारला २ टक्के आणि ३३ ते १३२ हजार व्होल्टला ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं.

इथे सुरतेचा इतिहास आड येतो, चांगल्या अर्थाने. आपल्या लाइनवर तार आली त्याच काळात या भागातली ग्रिडही वाढत होती. १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं. उकाई धरण १९७२ मध्ये पुरं झालं आणि त्यावरची ७५ मेगावॅटची चार यंत्रं १९७४ ते १९७६ या काळात आली. उकाईचं औष्णिक केंद्रही त्याच सुमाराचं. पुढे १९९३ आणि १९९५ मध्ये काकरापारचे दोन संच, आणि अलीकडे तिथेच ७०० मेगावॅटचे आणखी दोन. वीज केंद्रं जवळ आली आणि लाइनी जास्त झाल्या की फॉल्ट लेव्हल वाढते, आणि तेच रेल्वेचं ओझं कमी जाणवतं. म्हणजे उकाईचं धरण आपण पुरासाठी आणि पाण्यासाठी आठवतो, पण रेल्वेच्या तारेखाली शहराचा तोल सांभाळायलाही त्याचा हात लागला आहे.

उलटी फेरी

आता मोटरीच्या आत काय होतं ते पाहू. परत त्या पाळण्याकडे जाऊ. तिघांपैकी एकाचा जोर कमी पडला तर काय होईल? पाळणा फिरेलच, पण धक्के खात. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स फोर्टेस्क्यू या इंजिनियरने असमान व्होल्टेजवर मोटर कशी चालते, याचा हिशोब मांडायला घेतला. त्याचा निबंध १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने दाखवलं की तीन असमान फेजांचे तीन समान गट करता येतात. एक गट नेहमीच्या दिशेने फिरणारा, एक उलट्या दिशेने फिरणारा, आणि एक कुठेच न फिरणारा. जगभरचे वीज इंजिनियर आजही हाच हिशोब करतात. आणि त्याची सुरुवात कशावरून झाली? रेल्वेच्या विद्युतीकरणातल्याच अडचणींवरून.

असंतुलन म्हणजे ही उलटी फेरी. मोटर पुढे फिरत असते आणि उलटी फेरी तिच्या रोटरला जवळजवळ दुप्पट वेगाने कापत जाते. काम काही करत नाही, नुसती उष्णता करते. व्होल्टेजचं असंतुलन १ टक्का असेल तर प्रवाहाचं असंतुलन त्याच्या सहा ते दहा पट होऊ शकतं. उष्णतेसाठी मोटरवाल्यांचा ढोबळ नियम असा : असंतुलनाच्या टक्क्याचा वर्ग करा आणि दुप्पट करा, तेवढे टक्के तापमानवाढ जास्त. १ टक्क्याला २ टक्के. २ टक्क्यांना ८. ३ टक्क्यांना १८. ५ टक्क्यांना ५० टक्के, म्हणून त्यापुढे मोटर चालवूच नये असं सांगतात.

ही उलटी फेरी ट्रान्सफॉर्मरने अडत नाही. वरच्या लाइनवर तयार झाली की ती खाली खात्यातल्या बोर्डापर्यंत येते. पण वाटेत एक गोष्ट होते, आणि मला या सगळ्या विषयात तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. तीन-फेजी मोटर या उलट्या फेरीला फार कमी अडथळा करते. त्यामुळे ती फेरी मोटरींमध्ये शिरते आणि तिथेच बरीचशी जिरते. ज्या शहरात हजारो मोटरी चालू असतात तिथे व्होल्टेजचं असंतुलन त्यामुळेच कमी होतं. म्हणजे सुरतेचे लूम, पंप, प्रोसेस हाऊसच्या मोटरी रेल्वेचा बिघडलेला तोल थोडा थोडा आपल्या पोटात घेतात. मोबदल्यात प्रत्येक मोटर किंचित गरम होते. इतकी किंचित की हाताला कळत नाही आणि बिलात वेगळी दिसत नाही.

बापू म्हणायचे त्यात खरं होतं ते एवढं.

मग मोटरी कोणी जाळल्या?

आता त्या दोन मोटरींकडे येऊ. रेल्वेचं असंतुलन एखाद-दोन टक्के धरलं तरी तापमान काही टक्क्यांनी वाढेल. त्याने मोटरीचं आयुष्य थोडं घटतं, पण एका सकाळीत दोन मोटरी जळत नाहीत. आणि रेल्वेनेच जाळल्या असत्या तर एकट्या आमच्या खात्यात कशा? त्याच ट्रान्सफॉर्मरवर शेजारची खातीही होती.

बापूंनी सांगितलेल्या दोन गोष्टी आठवा. ट्यूबलाइटची एक ओळ लागत नव्हती. बंद मोटर फिरत नव्हती, घूं करत होती. आयटीआयमध्ये दुसऱ्या वर्षाला हे शिकलो त्या दिवशी मी वर्गात गप्प बसून राहिलो होतो. ही सिंगल फेजिंगची लक्षणं आहेत. तीनपैकी एक फेज पूर्णच गेलेला. त्या फेजवरची ट्यूबची ओळ अंधारात. थांबलेली मोटर दोन फेजांवर सुरू होत नाही, कारण फिरण्याची दिशाच हरवते. चालू असलेली मोटर मात्र चालत राहते, आणि तिथेच घात होतो. तेच काम करायला उरलेल्या तारांतून साधारण १.७३ पट प्रवाह जातो. प्रवाह इतका वाढला की तारेतली उष्णता जवळजवळ तिप्पट. उन्हाळा, पत्र्याची शेड, कापसाच्या धुळीने बुजलेली मोटर. अर्ध्या-पाऊण तासात वास यायला लागतो.

शेजारची खाती चालू होती म्हणजे फेज बाहेर गेला नव्हता, खात्यातच गेला होता. आमच्या खात्यात किटकॅट फ्यूज होते, त्यांत हाताला येईल ती तार गुंडाळलेली. एक फ्यूज उडाला आणि बाकी दोन टिकले. यावर साधा उपाय तेव्हाही बाजारात मिळायचा, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर म्हणून एक छोटी डबी. एक फेज कमी पडला की मोटर आपोआप बंद करते. यातल्या काही डब्या फोर्टेस्क्यूची ती उलटी फेरीच मोजतात. त्या खात्यात ती बसवलेली नव्हती. ती बसवणं मास्टरच्या हातात नसतं, मालकाच्या हातात असतं.

तेव्हा माझा निकाल असा. मोटरी रेल्वेने जाळल्या नाहीत. बापूंनीही नाही. पगार कापला गेला तो चुकीचा. हे मी बापूंना सांगितलं होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग इतकी वर्षं मी उगाच गाडीला शिव्या दिल्या."

बाकीच्यांनी काय केलं

हा प्रश्न जगभर आला आणि प्रत्येकाने आपापली वाट काढली. जर्मन राज्यांनी १९१२ च्या सुमारास ठरवलं की रेल्वेची वीज वेगळीच ठेवायची, पन्नास नव्हे तर सोळा-सतरा सायकलची. तिची केंद्रं वेगळी, लाइनी वेगळ्या, त्यामुळे शहराच्या ग्रिडला झळ नाही. खर्च मात्र दुहेरी. हंगेरीच्या काल्मान कांदोने शहरी पन्नास सायकलच वापरली आणि इंजिनात एकाचे अनेक फेज करणारं यंत्र बसवलं. इंजिन त्याने सुधारलं, ग्रिडवरचं ओझं एक-फेजीच राहिलं.

जपानने आपल्याला जवळची अशी वाट घेतली. १९६४ मध्ये सुरू झालेल्या तोकाइदो शिंकान्सेनसाठी त्यांनी स्कॉट जोडणीचे ट्रान्सफॉर्मर वापरले. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या चार्ल्स स्कॉटने काढलेली ही जोडणी तिन्ही फेज घेते आणि दोन स्वतंत्र एक-फेजी वाटा देते. एक वाट सबस्टेशनच्या एका बाजूच्या लाइनला, दुसरी दुसऱ्या बाजूच्या. दोन्हीकडे सारख्या गाड्या असतील तर तिन्ही फेजांवर ओझं अगदी सारखं येतं. एकीकडे जास्त असतील तर थोडा फरक राहतो, पण साध्या दोन-फेजी जोडणीपेक्षा बराच कमी.

हे सगळं आता सुरतेच्या दारात आलं आहे. मुंबई–अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या हायस्पीड लाइनचं सुरत स्टेशन अंत्रोलीला आहे. मालगाड्यांचा पश्चिम समर्पित मार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो. दोन्हींत दोन गुणिले २५ हजार व्होल्टची पद्धत आहे आणि सबस्टेशनं जुन्यांपेक्षा मोठी आहेत. जुन्या मुख्य लाइनवरही वेग वाढवण्यासाठी हीच पद्धत आणली जात आहे, आणि भारतीय रेल्वेच्या नव्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरांत स्कॉट जोडणीही आली आहे. उधना–जळगाव लाइनवरही तार आली आणि दुसरा रूळही पडला. बापूंची वाफेची-डिझेलची तापी लाइन आता विजेवर चालते. ओझं वाढतंय, आणि ते उचलायची तऱ्हाही बदलतेय.

पाहण्यासारखं काय आहे

आपण स्टेशनची इमारत वारसा मानतो, तापीवरचा जुना रेल्वे पूल मानतो. माझी विनंती आहे की १९७० च्या दशकातली ही वीजही वारशात धरावी. नव्या पद्धतीत सबस्टेशनं बदलतील, न्यूट्रल सेक्शनच्या जागा बदलतील, जुने ट्रान्सफॉर्मर भंगारात जातील. खिडकीत बसून प्रवास करताना 'डीजे ओपन'ची पाटी कुठल्या दोन स्टेशनांमध्ये दिसली, तेवढं लिहून ठेवा. रुळांपाशी उतरू नका, वरची तार जीवघेणी आहे. गाडीतून दिसतं तेवढं पुरे. आणि घरात कोणी त्या काळी लाइनवर तार ओढायला, वीज मंडळात किंवा लूमवर असेल, तर त्यांना विचारा की पहिली विजेची गाडी आली तेव्हा काय बदललं. अशा आठवणी मंडळाकडे पाठवल्या तर मी त्या जुळवून पुढचा निबंध लिहीन.

बापूंनी गाडीला दिलेल्या शिव्या मात्र मी परत घेतलेल्या नाहीत. अगदीच उगाच नव्हत्या त्या. एक-दोन टक्के तर खऱ्याच होत्या.